पिंपांखालचं अर्थिंग

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा कारखान्यात होता आणि युनियनची पत्रकं तोच लिहायचा. उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या वह्यांना असायची, त्यामुळे माझ्या भूगोलाच्या वहीवर बोनसची मागणी होती आणि गणिताच्या वहीवर कामगारकपातीचा निषेध. पत्रकाबद्दल बाबाचे दोन नियम होते. वाचताना आधी तळाची ओळ वाचायची: कोणी लिहिलं, कोणी छापलं. ज्याने नाव लपवलंय त्याचं म्हणणं जपून वाचायचं. आणि लिहिताना एका दमात वाचून होईल इतकंच लिहायचं, कारण गेटवर माणूस डबा काखेत धरून उभा असतो आणि आत भोंगा वाजत असतो.

पहिला नियम मी पाळला. दुसरा मला कधी जमला नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं फार असायचं आणि राग त्याहून जास्त.

पुढे त्याच कारखान्याच्या धुळीने बाबाची फुप्फुसं खाल्ली. कारखान्याने ते कधी कबूल केलं नाही. त्यावर मी तीन पानांचं पत्रक लिहिलं. बाबाने एक पान वाचलं आणि खाली ठेवलं.

"बरोबर आहे सगळं," तो म्हणाला. "पण दम लागला."

ठाण्यापलीकडे, दिवा गावात, दुसऱ्या मजल्यावर आमची भाड्याची खोली. आई मी दहावीत असताना गेली, तेव्हापासून आम्ही दोघंच. डॉक्टरांनी सांगितलं तसं हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन भाड्याने आणलं. लहानशा कपाटाएवढं, पुढून प्लॅस्टिकचं आणि मागून पत्र्याचं. त्यातून निघालेली नळी बाबाच्या नाकाशी. मशीन दिवसरात्र गुरगुरायचं आणि बाबा खाटेवर बसून एक हात त्याच्या मागच्या पत्र्यावर ठेवायचा. झोपेतसुद्धा. का, तर पत्रा थरथरतो. हाताला थरथर लागली म्हणजे मशीन चालू आहे.

पहिल्या आठवड्यात तो म्हणायला लागला, "हे चावतं गं." मी हात लावून बघितला. खरंच, बोटांत मुंग्या आल्यासारखी झिणझिण. मी खालचा वायरमन बोलावला. तिशीतला, दिवा गावातलाच माणूस, आमच्या भागातल्या निम्म्या बिल्डिंगींचं काम त्याच्याकडे. त्याने भिंतीवरचा बोर्ड उघडला, पाच मिनिटांत काहीतरी जोडलं, बंद केला. "दिला अर्थिंग," म्हणाला. झिणझिण गेली. मी त्याला चहा पाजला आणि दारापर्यंत सोडायला गेले.

मग एका दुपारी लाइट गेली. मी ठाण्याला, नौपाड्यात कामावर होते. घरी कोपऱ्यात अडीअडचणीला एक छोटा सिलिंडर होता. नळी मशीनची काढून त्याला लावायची आणि पान्याने त्याची चावी फिरवायची, एवढंच काम. योगायोगाने मी त्या दिवशी लवकर आले. बाबा सिलिंडरपाशी जमिनीवर बसला होता, हातात पाना, ओठ जांभळट, आणि माझ्याकडे बघून चेहऱ्यावर आलेला भाव माफी मागितल्यासारखा.

"चावी," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने पुढचं. "फिरत नव्हती."

त्या रात्री मी ठरवलं, इन्व्हर्टर घ्यायचा. आणि तो बसवायला बाईंना विचारायचं.

बाई म्हणजे नौपाड्यातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानाशेजारच्या दुरुस्तीवाल्या. साठी ओलांडलेली, ठेंगणी, चष्मा दोरीला बांधलेला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीस वर्षं टेस्टिंगच्या बाकावर बसल्या. कारखाना बंद झाल्यावर दहा बाय आठच्या गाळ्यात रेडिओ, अँप्लिफायर, चार्जर, काय येईल ते दुरुस्त करायला लागल्या. आमची ओळख झाली ती मी आमच्या मालकाचा मॉडेम जाळल्यावर. मॉडेमचा अडॅप्टर हरवला होता. ड्रॉवरमध्ये लॅपटॉपचा एक जुना चार्जर सापडला, त्याची पिन बरोबर बसली, मी बटण दाबलं. वास आला.

बाईंनी मॉडेम उलटा केला, चष्मा लावला. "काय पाजलंस याला?"

"चार्जर. पिन बसली म्हणून."

"पिन बसली म्हणजे लग्न जमलं असं होत नाही. पाटी वाचलीस?" त्यांनी माझ्यापुढे दोन्ही वस्तू धरल्या. "याच्या पोटावर बारा व्होल्ट लिहिलंय. त्याच्या पाठीवर एकोणीस. दोघांनी आपापलं खरं सांगितलं होतं. तू विचारलंच नाहीस."

मला खजील व्हायला झालं, कारण ही तर तळाची ओळ होती. लहानपणापासून कागदाच्या तळाशी बघणारी मी, यंत्राच्या पाठीशी बघायचं मला सुचलं नव्हतं.

त्यानंतर मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या गाळ्यात बसायला लागले. त्यांचं काम बघणं हे मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही सभेपेक्षा जास्त शिकवणारं होतं, आणि मी सभा पुष्कळ पाहिल्यात. दुरुस्त केलेली वस्तू त्या कधीच सरळ भिंतीच्या प्लगला लावत नाहीत. आधी एका लाकडी बोर्डातून लावतात, ज्यात वाटेत शंभराचा पिवळा बल्ब बसवलेला आहे. आत अजून काही बिघाड असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि वस्तू वाचते. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंदावतो. तो मंदावला की बाई मान हलवतात. गिऱ्हाईक घाईत असलं तरी हे होतंच. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्ही केलंय म्हणजे नीटच असणार." बाई म्हणाल्या, "मी केलंय म्हणूनच तपासते. दुसऱ्याने केलं असतं तर आधीच संशय असता."

चालू वस्तूत हात घालायची वेळ आली की त्या डावा हात मागे नेऊन पदराचं टोक कमरेपाशी घट्ट धरतात. मला वाटायचं सवय आहे. मग त्यांनी सांगितलं, की दोन्ही हात आत असले तर वीज एका हातातून शिरते, छातीतून जाते आणि दुसऱ्या हातातून निघते. छातीत काय असतं हे त्यांनी सांगितलं नाही.

आणि दुरुस्त झालेल्या प्रत्येक वस्तूच्या आत, झाकण लावण्यापूर्वी, त्या एक चिठ्ठी चिकटवतात. काय बदललं, कधी बदललं, खाली सही. कारखान्यात तीस वर्षं त्यांच्या हाताखालून गेलेल्या मालावर फक्त एक गोल शिक्का असायचा, "तपासले". कोणी, ते नाही. ही चिठ्ठी बहुतेक कोणीच कधी वाचणार नसतं. तरी सही असते.

तर मी त्यांना बाबाचं सांगितलं. त्यांनी मशीनच्या पाटीचा फोटो मागितला, तो बघत राहिल्या. "याला मोटर आहे. स्वस्तातला इन्व्हर्टर नको. त्याची वीज तुकडे पाडल्यासारखी खडबडीत असते, मोटर तापते. मी सांगते तोच घे. पण आधी मी घर बघणार."

रविवारी सकाळी त्या खांद्याला पिशवी लावून दिव्याला आल्या. जिना चढून, श्वास आवरत, त्यांनी खोलीत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबल्या. बाबा खाटेवर बसला होता, हात पत्र्यावर.

"हात कायम तिथेच असतो?"

"चालू आहे ते कळतं," बाबा म्हणाला.

"चावत नाही?"

"आधी चावायचं. आता अर्थिंग दिलंय."

"कुठून?"

मी बोर्डाकडे बोट दाखवलं.

"तिथे आलं, दिसतंय. कुठून आणलं? अर्थिंग जमिनीतून येतं. दुसऱ्या मजल्यावर जमीन कुठून आली?"

बाईंनी बाबाला सिलिंडरवर घ्यायला सांगितलं, मेन स्विच बंद केला, टेस्टरने दोनदा खात्री केली आणि बोर्ड उघडला. आत, न्यूट्रलच्या भोकापासून अर्थिंगच्या भोकापर्यंत, बोटभर लांबीचा एक काळ्या वायरचा तुकडा.

"ही बघ तुझी जमीन," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी ते बाबाला समजावलं, मला नाही, कारण हात त्याचा होता. न्यूट्रल म्हणजे वीज परत जायचा रस्ता. तो धड आहे तोवर या तुकड्याने झिणझिण जाते आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. पण खाली मीटरपाशी एखादा स्क्रू ढिला झाला, रस्ता तुटला, तर परत जाऊ न शकलेली वीज या तुकड्यातून मशीनच्या पत्र्यावर येऊन उभी राहते. "मशीन बंद पडेल," बाई म्हणाल्या, "आणि ते का बंद पडलं बघायला तुमचा हात तिथेच असेल."

बाबाने हात मांडीवर घेतला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्या माणसाला चहा पाजला होता. "मी त्याचं नाव छापते," मी म्हणाले. "नावासकट पत्रक. प्रत्येक मजल्यावर."

"छाप. त्याआधी त्याला बोलव."

वायरमन आला. बाईंनी तो तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने एकदा तुकड्याकडे, एकदा बाबाकडे बघितलं.

"मना असाच शिकवलेला, बाई," तो म्हणाला. "इकरं सगले असाच करतात."

"तुझ्या घरी?"

त्याने तुकड्यावर मूठ मिटली. "घरी पन तसाच हाय."

"मग तू लबाड नाहीस," बाई म्हणाल्या. "लबाडाने स्वतःच्या घरी तरी नीट केलं असतं. तुला कोणी सांगितलं नाही, एवढंच आहे. चल, खाली जमीन शोधू."

मला हे पटलं नाही, हे इथे लिहून ठेवते. अज्ञानाने माणूस मेला तरी मरतोच, असं मी जिन्यात बाईंना म्हणालेसुद्धा. "हो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर त्याला खाली नेतेय. नाव छापलंस तर तो उद्या हेच करील, फक्त आणखी आत लपवून."

मीटररूममधून लोखंडाची एक पट्टी भिंतीतून बाहेर जाऊन कोपऱ्यात जमिनीत शिरत होती. बिल्डरने एवढं तरी केलं होतं. पण त्या कोपऱ्यात तळमजल्यावरच्या काकूंची चार निळी पिंपं उभी होती, गळ्यापर्यंत भरलेली. काकू मूळच्या मालवणच्या. बिल्डिंगमध्ये त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही.

"पिंपां हलूची नाय हां," त्या दारातूनच म्हणाल्या. "पाणी चार दिवसांनी येता. ओतून टाकू काय मी?"

मी अर्थिंगवर भाषण सुरू करणार होते. बाईंनी माझा दंड दाबला आणि काकूंना म्हणाल्या, "पेलाभर पाणी मिळेल का, जिने चढून घसा सुकला."

आम्ही आत गेलो. काकूंनी फ्रिज उघडला, पण त्याआधी पायाने एक लाकडी पाट पुढे सरकवला आणि त्यावर उभ्या राहिल्या.

"हा पाट कशाला?" बाईंनी विचारलं.

"फ्रिज झिणझिणता. पाटावर उभा रवला की नाय."

"कधीपासून?"

"इलव तेव्हापासून. सगळ्यांकडेच असता ता."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की आमच्याकडे पाट नव्हता पण फ्रिजपुढे रबराचं पायपुसणं होतं. ते मी स्वतः आणून टाकलं होतं. का टाकलं, ते कधी मनाशी बोललेही नव्हते. सोळा खोल्यांची बिल्डिंग, घरोघरी फ्रिजपुढे एक पाट नाहीतर पायपुसणं, आणि कोणालाही त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. वरच्या मजल्यावरची एक जण तर पुढे म्हणाली, तिला वाटायचं फ्रिज घेतला की पाट घ्यावाच लागतो.

बाईंनी पाणी संपवलं. "पाट तुम्हाला वाचवतो, काकू. फरशी पुसताना ओल्या हाताने कोणी फ्रिजच्या मागे हात घातला तर त्याच्या पायाखाली पाट नसेल." पेला ठेवला. "तुमचं पाणी सांडणार नाही. आम्ही बादल्यांनी काढतो, पिंपं सरकवतो, परत भरतो."

काकूंनी वायरमनकडे बघितलं. "तू भरतलंस?"

"भरतो, मावशी."

तास गेला. पिंपांखालून सिमेंटचं झाकण निघालं, झाकणाखाली जमिनीत गेलेला लोखंडी पाइप, त्याच्या तोंडाशी नरसाळं. आत झुरळ आणि चिप्सची पुडी. मातीला भेगा. बाईंनी पिशवीतून होल्डरला लावलेला बल्ब काढला, डावा हात पदरापाशी नेला, आणि एक टोक विजेच्या तारेला, एक त्या पट्टीला लावून बघितलं. आधी मला बजावलं की हे मी कधीही करायचं नाही. बल्ब पेटला, पण उदबत्तीच्या टोकाएवढा.

"मेलंय?" मी विचारलं.

"नाही. सुकलंय."

जमीन वीज घेते ती ओल असेल तर. पाइपाभोवती कोळसा आणि मीठ भरलेलं असतं ते ओल धरायला. पण त्यालाही पाणी द्यावं लागतं, उन्हाळ्यात तर दर दोन-तीन दिवसांनी बादलीभर. बाई हे सांगत होत्या आणि काकू आपल्या चार पिंपांकडे बघत होत्या. दिव्यात बादलीभर पाणी खड्ड्यात ओतायचं. वर्षानुवर्षं पाणी त्या खड्ड्याच्या डोक्यावर उभं होतं आणि खड्डा सुकत होता.

बाईंनी तो काळा तुकडा आमच्या बोर्डात परत लावू दिला नाही. झिणझिण परत आली. जाताना त्यांनी बाबाचा हात उचलून मशीनच्या प्लॅस्टिकच्या कडेवर ठेवला. "थरथर इथेही लागते. जरा कमी. जमीन होईपर्यंत इथे."

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. मथळा होता "मृत्यूचा सापळा आपल्याच भिंतीत!" त्यात बिल्डर होता, परवानग्या देणारे होते, पाणी चोरणारे होते, आणि शेवटी खड्ड्यात पाणी ओतण्याचं आवाहन होतं. वायरमनचं नाव नव्हतं. तेवढं बाईंचं ऐकलं. सकाळी मीटररूमच्या दारावर चिकटवलं. संध्याकाळी त्याखाली कोणीतरी बॉलपेनने लिहिलं होतं: "आधी नळाला पाणी आणा." दुसऱ्या दिवशी पत्रकाचा खालचा कोपरा कोणीतरी मिसरीचं बोट पुसायला फाडून नेला होता. खड्ड्यात थेंब नाही.

"किती ओळींचं होतं?" बाईंनी विचारलं.

"सेहेचाळीस."

"खोटं होतं का त्यात काही?"

"एक शब्दही नाही."

"मग पाणी का नाही ओतलं कोणी?" त्या एका रेडिओच्या पोटात फुंकर घालत होत्या. "तुमच्याकडे असं कुठलं पाणी आहे, जे सगळे टाकूनच देतात?"

मी दिवसभर तो प्रश्न घेऊन फिरले. उत्तर काकूंनी दिलं, तेही मी नीट विचारण्याआधीच. "पयला पाणी," त्या म्हणाल्या. चार दिवसांनी नळ येतो तेव्हा आधी पाइपातला लाल गंज येतो. ते पाणी भांड्याला चालत नाही, कपड्याला चालत नाही. प्रत्येक जण एक-दोन बादल्या मोरीत सोडतो. तळमजल्याला नळ सगळ्यांत आधी येतो, म्हणजे सगळ्यांत जास्त लाल पाणी काकूंकडे.

"मी ओतीन," काकू म्हणाल्या. "मधल्या दिवसांत कपड्यांचा शेवटचा पाणी पण ओतीन. पण माका तो बल्ब दाखवूक होयो. मी ओततंय आणि काय होता ता दिसूक नको?"

मला ही अट फार आवडली. उभ्या आयुष्यात मी ज्यांना पत्रकं वाटली त्यांच्यापैकी कोणीही माझ्याकडे पुरावा मागितला नव्हता. एक तर घेतलं होतं नाहीतर टाकलं होतं.

पुढच्या रविवारी बाई पुन्हा आल्या, बल्ब घेऊन. या वेळी मीटररूमपाशी सात-आठ जण उभे होते. बल्ब तांबूस पेटला, देवघरातल्या झिरोच्या बल्बाइतका. "इतकाच?" काकू म्हणाल्या, आणि त्यांचा स्वर असा, की जणू बाईंनीच काही कमी घातलं. त्याच्या पुढच्या रविवारी पिवळा. तोपर्यंत पहिल्या मजल्यावरूनही लाल पाण्याच्या बादल्या खाली यायला लागल्या होत्या. तिसऱ्या रविवारी बाईंनी बल्ब आधी विजेच्या दोन तारांना लावून दाखवला, मग पट्टीला. दोन्ही वेळी सारखाच लख्ख. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "माझ्या फ्रिजाक आधी."

"मशीनला आधी," बाई म्हणाल्या.

वायरमनने मीटररूमपासून आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत हिरवी वायर ओढली. बाई प्रत्येक सांधा उघडून बघत होत्या आणि दोनदा त्यांनी त्याला तो परत करायला लावला. त्याने तो केला. संध्याकाळी बाबाने हात पत्र्यावर ठेवला, थांबला, मग नुसता माझ्याकडे बघत राहिला. हात तिथेच.

इन्व्हर्टर त्यानंतरच्या रविवारी. बॅटरी खोलीत ठेवू द्यायला बाई तयार नव्हत्या. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू सुटतो, जोडताना ठिणगी उडू शकते, आणि आमच्या खोलीत तर ऑक्सिजन. म्हणून बॅटरी बाहेर पॅसेजच्या खिडकीखाली. जोडायच्या आधी बाई खाली बसल्या आणि एकेक काढायला लागल्या. हातातलं घड्याळ, अंगठी, सोन्याची बांगडी. मग गळ्यातलं मंगळसूत्र. सगळं स्टीलच्या डब्यात घालून डबा माझ्या हातात दिला.

काकू जिन्यात उभ्या होत्या. "अवो बाई, मंगळसूत्र कित्याक काढलात? घोव असा ना तुमचो?"

"आहे. घरी पेपर वाचतोय."

"मग?"

"या बॅटरीला ते माहीत नाही," बाई म्हणाल्या. "धातू दोन्ही टोकांवर पडला की ती लाल करून सोडते. बारा व्होल्ट म्हणून लोक हसतात तिला. कारखान्यात एकीचं बोट अंगठीसकट भाजलेलं मी बघितलंय." मग, पाना उचलताना, "तीस वर्षं रोज काढून रोज घातलंय. त्याची प्रकृती उत्तम आहे."

काकू खो-खो हसल्या, आणि मग त्यांनी स्वतःहून वायरमनच्या हातातल्या तांब्याच्या कड्याकडे बोट केलं. त्याने ते काढून माझ्या डब्यात टाकलं.

लाल तार आधी, काळी नंतर, प्रत्येक नट पान्याने ओढून बघितलेला. मग बाईंनी मेन स्विच बंद केला. टक असा आवाज आला. मशीन गुरगुरत राहिलं. बाबा हाताने ऐकत होता, तो म्हणाला, "थांबलं नाही." बाई मान हलवून डबा मागायला लागल्या. बोर्ड बंद करण्यापूर्वी त्यांनी आत चिठ्ठी चिकटवली, सहीसकट. शेजारी वायरमनलाही सही करायला लावली.

साधारण पंधरा दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, मी भाजी चिरत होते. ट्यूबलाइट एकाएकी पांढरीफेक झाली. पंखा सुटल्यासारखा गरगरला. वरच्या मजल्यावर काहीतरी फाटकन फुटलं आणि कोणीतरी किंचाळलं. मग टक. पॅसेजमधला इन्व्हर्टर. मी सुरी टाकून वळले. बाबा खाटेवर होता तसा बसलेला. हात पत्र्यावर. मशीन चालू.

"लाइट गेली का?" त्याने विचारलं.

खालून जळका वास येत होता. वायरमन धावत आला, मेन बंद केला, मीटररूममध्ये शिरला. वरच्यांचा टीव्ही गेला होता, आणखी दोघांचे सेटटॉप बॉक्स. अर्ध्या तासाने तो वर आला, दारातच उभा राहिला. त्याच्या तळहातावर एक काळा पडलेला स्क्रू होता. न्यूट्रलचा, सगळ्या बिल्डिंगचा मिळून एक; तो सुटला की कोणाच्या घरात वीज कमी जाते, कोणाच्या घरात दुप्पट. ढिला होऊन, तापून, जळून सुटलेला. त्याने तो मला दाखवायला हात पुढे केला, आणि त्याची नजर बाबाच्या हाताकडे गेली. पत्र्यावर सपाट ठेवलेल्या. तो उंबऱ्यावरच बसला.

"बाई बोललेली तो हाच," तो म्हणाला. "स्क्रू बोललेली ती."

मी त्याला पाणी दिलं. त्याने ते बराच वेळ हातात धरलं. मला त्याला बोलण्यासारखं खूप होतं, दीड महिना साठवलेलं. मी खाली पडलेली सुरी उचलली आणि भाजीकडे वळले.

त्या आठवड्यात त्याने बिल्डिंगमधले बाकीचे बोर्ड उघडले. नऊ तुकडे निघाले. ते त्याने एका पिशवीत घालून नौपाड्याला नेऊन बाईंच्या टेबलावर ठेवले. त्या काय म्हणाल्या ते त्याने मला सांगितलं नाही, बाईंनीही नाही. फक्त आता त्यांच्या गाळ्यात तो शनिवारी दिसतो, स्टुलावर बसून, डावा हात मागे.

मग तो माझ्याकडे आला. "एक पेपर लिवून दे," म्हणाला. "मीटररूमवर लावाला. आनी मनाच बोलवा म्हनून लिव."

मी बसले. पहिल्यांदा अठरा ओळी झाल्या. बाईंना फोनवर वाचून दाखवल्या. त्या म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना वाचायला दे. जिथे थांबतील तिथे काप." मी कापत गेले. बिल्डर गेला. परवानग्या गेल्या. त्यांच्यावर मी स्वतंत्र लिहिणार आहे, ते मी कोणालाही विसरू देणार नाही. पण या कागदावरून ते गेले.

रविवारी मी कागद बाबाला दिला. त्याने चष्मा लावला आणि सवयीने आधी तळाची ओळ वाचली. तिथे वायरमनचं पूर्ण नाव होतं आणि त्याचा फोन. ज्याचं नाव छापायची मी धमकी दिली होती, ते आता त्यानेच सांगून छापायला लावलं होतं. बाबाने मान हलवली. मग कागदाच्या पहिल्या ओळीवर गेला, डावा हात पत्र्यावर तसाच ठेवून, उजव्या हातात कागद धरून, मोठ्याने वाचायला लागला.

"आपल्या बिल्डिंगचं अर्थिंग मीटररूमबाहेरच्या कोपऱ्यात आहे. त्यावर पिंप ठेवू नये. नळाचं पहिलं पाणी त्यात ओतावं. फ्रिज झिणझिणला तर पाट घेऊ नका, मला बोलवा."

कुठेही न थांबता. शेवटचा शब्द झाल्यावर त्याने नाकाशी लावलेल्या नळीतून एक श्वास घेतला आणि कागद माझ्याकडे परत केला.

"हं," तो म्हणाला. "छाप."